दारी आलेले दुकान आणि ग्राहकाचा हक्क

बडोदे शहरात रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस अलकापुरी हा भाग आहे. त्यातून जाणाऱ्या प्रमुख रस्त्यास रमेशचंद्र दत्त यांचे नाव आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत दत्त हे बडोदे संस्थानच्या सेवेत होते आणि १९०९ साली दिवाणपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. आर्थिक इतिहासाच्या या थोर अभ्यासकाच्या नावाच्या रस्त्यावर आज दुकानांची वाण नाही. तरीसुद्धा तेथील घरांच्या दारांशी दिवसभर पाठीवर मोठी पिशवी घेतलेले तरुण खोकी पोहोचवीत असतात. जी गोष्ट अलकापुरीची, तीच आता सांगली जिल्ह्यातील खेड्याचीही झाली आहे. दुकान दारी आले, ही सोय खरीच. परंतु दारी आलेल्या दुकानाचा मालक कोण, त्याच्याशी वाद घालावयाचा तर कोठे, आणि त्याने आपल्या संकेतस्थळावर लिहून ठेवलेले नियम ग्राहकास कितपत बांधून ठेवतात, हे प्रश्न त्या खोक्याबरोबरच घरात येतात.

एक उदाहरण कल्पनेने समोर ठेवू. सांगली जिल्ह्यातील एका शिक्षकाची बहीण अलकापुरीत राहते. भाऊबीजेस प्रत्यक्ष जाणे जमणार नाही म्हणून त्याने एका मोठ्या ऑनलाईन दुकानातून मिक्सर मागविला, पैसे आपल्या बँक खात्यातून भरले आणि पत्ता बहिणीचा दिला. खोके दिवाळीपूर्वीच पोहोचले. ओवाळणी म्हणून आलेली वस्तू ओवाळण्याआधी कशी उघडावी, या भावनेने बहिणीने ते तसेच ठेवले आणि दहाव्या दिवशी, भाऊबीजेला उघडले. भांड्यास तडा गेलेला, आणि यंत्र सुरूच होईना. भावाने दुकानास कळविले तेव्हा उत्तरे आली ती अशी : वस्तू परत घेण्याची मुदत सात दिवसांची होती, ती संपली. खोके उघडतानाचे चित्रीकरण जोडलेले नाही, त्यामुळे तक्रार विचारात घेता येत नाही. आणि शेवटचे उत्तर असे की, ही वस्तू आम्ही विकलेलीच नाही, विक्रेता निराळा आहे, आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. प्रत्येक उत्तराच्या शेवटी ‘आमच्या धोरणानुसार’ हे शब्द होते.

अशी उत्तरे वाचून बहुतेक ग्राहक गप्प बसतात. हजार-दोन हजारांसाठी कोण भांडत बसणार, हा विचार एक. दुसरा विचार अधिक घातक आहे. दुकानाचे धोरण म्हणजेच कायदा, असे अनेकांना मनापासून वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. धोरण हे दुकानदाराने स्वतः लिहिलेले असते. ग्राहकास कायद्याने दिले आहे त्याहून अधिक काही ते देऊ शकते, मात्र कायद्याने दिलेले काढून घेऊ शकत नाही.

घरबसल्या माल मागविण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. टपाल खात्याची व्ही. पी. पद्धत १८७७ साली सुरू झाली आणि पुस्तके, घड्याळे, औषधे, बी-बियाणे अशा नाना वस्तू त्या मार्गाने खेडोपाडी पोहोचल्या. पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवल्याखेरीज पुडके उघडता येत नसे, आणि उघडल्यावर जाहिरातीतील वस्तूऐवजी भलतेच काही निघाल्याच्या तक्रारी जुन्या पिढीने पुष्कळ ऐकल्या आहेत. त्या काळी ग्राहकाच्या हाती दिवाणी दाव्यावाचून फारसे काही नव्हते. महाराष्ट्रात ग्राहकांना संघटित करण्याचे काम १९७४-७५ पासून पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या ग्राहक पंचायतीने आणि मुंबईत मुंबई ग्राहक पंचायतीने हाती घेतले. देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, २४ डिसेंबर १९८६ रोजी संमत झाला. म्हणूनच तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. या कायद्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे, आणि ऑनलाईन दुकानांसाठी स्वतंत्र असे ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम त्याच महिन्यात लागू झाले.

आता ‘आम्ही विक्रेते नाही’ या उत्तराकडे वळू, कारण सर्वांत अधिक गोंधळ त्यानेच होतो. ऑनलाईन दुकाने दोन प्रकारची असतात. एका प्रकारात कंपनी स्वतःचा माल स्वतःच्या नावाने विकते. दुसरा प्रकार आठवड्याच्या बाजारासारखा आहे. बाजाराची जागा एकाची, दुकाने अनेकांची, आणि जागेचा मालक प्रत्येकाकडून पट्टी घेतो. परदेशी भांडवल असलेल्या कंपन्यांना आपल्या देशात या दुसऱ्या प्रकारानेच काम करता येते. तसे धोरण केंद्र शासनाने मार्च २०१६ मध्ये स्पष्ट केले आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते अधिक कडक केले. म्हणून आपण ज्या नावाने त्या दुकानास ओळखतो, ते नाव पावतीवर विक्रेता म्हणून बहुधा नसते. तेथे एखाद्या अनोळखी व्यापाऱ्याचे नाव असते.

इतके खरे असले तरी आठवडा बाजाराची उपमा फार ताणता येत नाही. बाजाराचा ठेकेदार आपल्याकडून भाजीचे पैसे घेत नाही, भाजी तोलत नाही, घरी आणून देत नाही, आणि कोणत्या माळणीकडे जावे हेही सांगत नाही. मोठी ऑनलाईन कंपनी यांपैकी बहुतेक सर्व गोष्टी करते. पैसे तिच्याच खात्यात जमा होतात, पुष्कळदा माल तिच्याच गोदामात असतो, खोक्यावर तिचेच नाव असते, आणि कोणती वस्तू आपल्या डोळ्यांपुढे आधी यावी हेही तीच ठरविते. तक्रारीच्या वेळी मात्र ती बाजूस सरते.

या युक्तिवादाची परीक्षा अनेकदा झाली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीविरुद्ध दिलेला आदेश या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. घरगुती प्रेशर कुकरला भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. त्यानंतरही त्या संकेतस्थळावरून मानकात न बसणारे २,२६५ कुकर विकले गेल्याचे दिसून आले. विक्रेते आम्ही नव्हे, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु या विक्रीतून शुल्कापोटी तिला ६ लाख १४ हजारांहून अधिक रुपये मिळाले होते. प्रत्येक विक्रीतून जो कमाई करतो त्याला त्या विक्रीतून उद्भवणाऱ्या प्रश्नापासून अलग राहता येणार नाही, अशी भूमिका प्राधिकरणाने घेतली. खरेदीदारांना कळविणे, कुकर परत घेणे, पैसे परत देणे आणि एक लाख रुपये दंड, असा तो आदेश होता. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा न्यायालयानेही खरेदीदारांना कळविण्यास सांगितले. कुकर ही काही शोभेची वस्तू नव्हे. वाफेचा दाब सहन न झाल्यास स्वयंपाकघरात काय होते, हे गृहिणींना सांगावयास नको. फ्लिपकार्टविरुद्धही त्याच महिन्यात ५९८ कुकरसंबंधी असाच आदेश झाला.

याहून आपल्या उदाहरणास अधिक जवळची घटना मुंबईची आहे. मुंबई उपनगरातील एका ग्राहकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्लिपकार्टवरून पोषक पेयाच्या चूर्णाचे १३ डबे ४,६४१ रुपयांस घेतले. रंग व दर्जा वेगळा वाटला, डब्यावर ओळखीचे चौकोनी संकेतचिन्हही नव्हते, म्हणून माल बनावट असल्याचा संशय आला. या वस्तूस ‘परत घेणे नाही’ हे धोरण लागू आहे, असे उत्तर मिळाले. प्रकरण मुंबई उपनगरच्या अतिरिक्त जिल्हा ग्राहक आयोगापुढे गेले. अशा धोरणाच्या सबबीवर वस्तू परत न घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय आयोगाने दिला. रक्कम व्याजासह परत करावी आणि १० हजार रुपये भरपाई द्यावी, असे कंपनी व विक्रेता या दोघांनाही सांगण्यात आले. ४,६४१ रुपयांसाठी ग्राहक लढला, हे येथे लक्षात घ्यावे.

आणखी एक प्रकरण मध्य मुंबईचे. जुलै २०२२ मध्ये एका ग्राहकाने ३९,६२८ रुपयांचा मोबाईल मागविला, आणि सहा दिवसांनी मागणी रद्द झाल्याचा निरोप त्याला आला. पैसे परत मिळाले होते. तरीदेखील जिल्हा आयोगाने ही एकतर्फी रद्द करण्याची कृती सेवेतील त्रुटी मानली आणि १० हजार रुपये भरपाई व ३ हजार रुपये खर्च देवविला. पैसे परत केले की दुकान मोकळे, हा समज येथे चुकीचा ठरला. भाव उतरलेला असताना केलेली मागणी रद्द झाली, तर तीच वस्तू पुढे चढ्या भावाने घ्यावी लागते, हे नुकसान आयोगाने खरे मानले.

मुदतीचा प्रश्न थोडा नाजूक आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. वस्तू सदोष नाही, केवळ रंग आवडला नाही किंवा विचार बदलला, तर ती परत घेण्याचे बंधन आपला कायदा दुकानदारावर घालीत नाही. तेथे दुकानाचे धोरण हीच काय ती सवलत, आणि तिची मुदत पाळणे ग्राहकास भाग आहे. युरोपीय संघातील देशांत दूरवरून घेतलेली वस्तू कोणतेही कारण न देता चौदा दिवसांत परत करता येते. तशी तरतूद आपल्याकडे नाही. असावी की नसावी यावर मतभेद होऊ शकतील. मात्र न पाहता घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत तिचे महत्त्व सहज पटण्यासारखे आहे.

सदोष वस्तूची गोष्ट वेगळी. वस्तू सदोष, अपुरी किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, किंवा ती ठरल्या तारखेनंतर आली असेल, तर ती परत घेण्यास वा पैसे देण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे २०२० चे नियम सांगतात. उशीर आवाक्याबाहेरील आपत्तीमुळे झाला असेल, तर तेवढा अपवाद आहे. २०१९ च्या कायद्यातही सदोष वस्तू परत न घेणे ही अनुचित प्रथा मानली आहे. तेथे मुदतीचा उल्लेख येतो तो असा : पावतीत किंवा बिलात नमूद केलेली मुदत, आणि तशी नमूद नसल्यास तीस दिवस. म्हणून वस्तूबरोबर आलेली पावती काळजीपूर्वक पाहावी. सात दिवसांची अट संकेतस्थळाच्या कुठल्याशा पानावर आहे, पावतीवर मात्र नाही, असे असेल, तर अलकापुरीतील त्या बहिणीस दहाव्या दिवशीही या तरतुदीचा आधार घेता येतो. पावतीवर मुदत छापलेली असली तरी सर्व मार्ग बंद होत नाहीत. दोषाबद्दल जिल्हा आयोगाकडे दाद मागण्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांचा अवधी आहे, आणि उत्पादकाची वॉरंटी असल्यास ती वेगळी.

चित्रीकरणाची अट कायद्यात कोठेही नाही. तडा गेलेल्या भांड्याची छायाचित्रे, खोक्यावरील चिठ्ठी, माल पोहोचल्याचा संदेश, दुरुस्ती करणाऱ्याचा लेखी अभिप्राय, हा सर्व पुरावाच होय. आवश्यक वाटल्यास वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठविण्याचा अधिकार आयोगास आहे. तथापि किमती वस्तू उघडताना घरातील कोणी मोबाईलवर चित्र घेत असेल, तर ते घेऊ द्यावे. नंतरचा वाद पुष्कळ कमी होतो.

मागणी नोंदवितानाही काही गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. मान्यतेच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे नियमांनी निषिद्ध केले आहे. ग्राहकाची संमती त्याच्या स्वतःच्या स्पष्ट कृतीनेच मिळाली पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नमूद करून त्यांस मनाई केली. ‘फक्त दोनच नग उरले’ अशी खोटी घाई करणे, न मागितलेली वस्तू किंवा विमा बिलात हळूच मिळविणे, आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर शुल्कामागून शुल्क जोडीत जाणे, वर्गणी सुरू करण्याचा मार्ग सोपा आणि बंद करण्याचा चक्रव्यूहासारखा ठेवणे, हे त्यांतील काही. वाचकांपैकी बहुतेकांनी यांतले एखादे तरी अनुभवले असेल.

आता दाद कोठे मागावयाची, हे पाहू. प्रत्येक ऑनलाईन कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, हुद्दा व संपर्काचा पत्ता संकेतस्थळावर दिला पाहिजे. तक्रार मिळाल्याची पोच त्याने अठ्ठेचाळीस तासांत द्यावयाची आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करावयाचे, असे बंधन आहे. बाजाराच्या स्वरूपाच्या कंपनीने तक्रारीस क्रमांकही द्यावा लागतो, म्हणजे तिचे पुढे काय झाले हे पाहता येते. दूरध्वनीवर गोड बोलणाऱ्या सेवकाशी तासभर बोलण्यापेक्षा या अधिकाऱ्यास चार ओळी लेखी पाठविणे अधिक उपयोगाचे. तेथे समाधान न झाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे, आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. ही साहाय्यवाणी निकाल देत नाही. ती तक्रार कंपनीपुढे ठेवून तडजोडीचा प्रयत्न करते.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा, आणि २०१९ च्या कायद्याने सर्वांत मोठा बदल येथेच घडविला. पूर्वी तक्रार जेथे समोरच्या पक्षाचे कार्यालय वा शाखा आहे, किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले, तेथेच करावी लागे. दूरच्या शहरातील कंपनीशी गाठ असलेल्या ग्राहकाने निमूट बसावे, असाच त्याचा अनेकदा परिणाम होई. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटापाण्याचा उद्योग करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. कंपनीचे मुख्य कार्यालय बंगळुरास, गोदाम भिवंडीस आणि विक्रेता सुरतेस असला तरी शिक्षकास सांगलीच्या आयोगाकडे जाता येईल. बहिणीनेही स्वतः दाद मागावयाची ठरविल्यास तिला बडोद्यातच ती मागता येईल, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ग्राहकच आहे.

‘वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ किंवा ‘वाद लवादाकडे’ अशा अटी कंपन्यांच्या करारात असतात. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एका गृहबांधणी कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. संपूर्ण करारच एकतर्फी व अनुचित आहे असे म्हणावयाचे असेल, तर मात्र जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगाकडे जावे लागते.

वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोगात शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरून घरूनच दाखल करता येते, आणि विनंती केल्यास सुनावणी दूरदृश्य पद्धतीने होऊ शकते. समोरच्या पक्षास नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा यापेक्षा अधिक काळ लागतो, हे मान्य केले पाहिजे. ओडिशातील एका विद्यार्थ्याने डिसेंबर २०१४ मध्ये १९० रुपये अशी दाखविलेल्या किमतीस लॅपटॉप मागविला. कंपनीने ती मागणी रद्द केली. राज्य आयोगाने त्याला भरपाई व खर्च मिळून ४५ हजार रुपये देवविले, ते जानेवारी २०२१ मध्ये. एवढा धीर प्रत्येकापाशी असेलच असे नाही. कंपन्यांचा हिशेबही बहुधा त्यावरच चालतो.

ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा तलाठी कार्यालयात अशी तक्रार घेऊन कोणी आले, तर अर्ज लिहून देणाऱ्याने त्यात मागणीचा क्रमांक, पैसे भरल्याचा दिनांक, वस्तू पोहोचल्याचा दिनांक, दोष केव्हा लक्षात आला तो दिनांक आणि पावतीवरील विक्रेत्याचे नाव, एवढे आवर्जून घालावे. विरुद्ध पक्ष म्हणून कंपनी आणि विक्रेता या दोघांचीही नावे लिहावीत. एकाचेच लिहिले तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. कंपनीचे नाव म्हणून मोबाईलवर दिसणारे बोधनाम पुरत नाही. तिचे नोंदलेले पूर्ण नाव व पत्ता संकेतस्थळावर देणे नियमाने सक्तीचे आहे, तेथून ते उतरून घ्यावे. नुकसानभरपाईचा आकडा मोघम न ठेवता तो कशाबद्दल मागितला आहे हे एका वाक्यात सांगावे. अलकापुरीतील बहिणीने मात्र तोवर तो मिक्सर दुरुस्तीस देऊ नये किंवा भंगारात घालू नये. तडा गेलेले भांडे, खोके आणि त्यावरील चिठ्ठी यांसह तो आला तसाच माळ्यावर ठेवून द्यावा.